सोसायटीचा "फक्त भारतीय वस्तू" ठराव: उत्पादनाचा देश पाहून खरेदी करावी का?

सह्याद्री_पायथा (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येतोय: "संस्थेच्या निधीतून यापुढे केवळ भारतात बनलेल्या वस्तूच विकत घ्याव्यात." यंदा खरेदी मोठी आहे. गच्चीवर ३० किलोवॅटचं सोलर बसवायचंय, सीसीटीव्ही बदलायचेत, बोअरचा पंप घ्यायचाय आणि गणपतीच्या मंडपासाठी दिव्यांच्या माळा घ्यायच्यात. मी व्यवस्थापक समितीत असल्यामुळे कोटेशनं माझ्याकडेच आहेत.

ठरावामागची भावना मला परकी नाही. जून २०२० मध्ये गलवानला वीस जवान शहीद झाले, तेव्हा आमच्याच इमारतीतल्या मुलांनी मोबाईलमधली ॲप्स काढून टाकली होती. पण कोटेशनं वाचायला बसलो की प्रश्न सुरू होतात.

सोलरचंच घ्या. दोन्ही पुरवठादार छातीठोकपणे सांगतात की आमच्या प्लेटा "मेड इन इंडिया". दोघंही खरं बोलतायत. सोलर प्लेट बनते ती अशी: आधी पॉलिसिलिकॉन, त्याचा ठोकळा, ठोकळ्याच्या पातळ चकत्या म्हणजे वेफर, वेफरपासून सेल आणि सेल जोडून, काच-फ्रेम लावून प्लेट. एका पुरवठादाराकडे सेल बाहेरून आणून इथे जोडलेली प्लेट आहे. दुसऱ्याकडे सेलसुद्धा इथेच बनलेली, म्हणजे बाजारात जिला डीसीआर म्हणतात ती. पण या दुसऱ्या प्लेटमधलं वेफर पुन्हा बहुतेक चीनचंच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सोलर प्लेटच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. मग ठरावातलं "भारतात बनलेली" आम्ही कुठल्या पायरीपासून मोजायचं?

इथे सरकारने एक रेघ आखून दिली आहे. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण प्लेट डीसीआर असेल तरच. ३० किलोवॅटचे ५ लाख ४० हजार होतात. आमच्या कोटेशनांत दोन प्लेटांच्या किमतीतला फरक यापेक्षा कमी आहे, त्यामुळे सोलरचा निर्णय सोपा आहे. बाकीच्या वस्तूंना अशी रेघ नाही.

माझं मत असं: देश जरूर पाहावा, पण वस्तूगणिक, आणि त्या वस्तूच्या बाबतीत देशामुळे नेमकं काय बदलतं ते विचारून. सरसकट ठरावाला माझा विरोध आहे. तुमचे अनुभव आणि माहिती हवी आहे.

निरगुडी

ठराव आणा, आणि एकमताने मंजूर करा. वस्तूगणिक विचार करू म्हणणारे शेवटी स्वस्त असेल तेच घेतात, हे मी आयुष्यभर पाहत आलोय.

स्वदेशी हा महाराष्ट्राला कालपरवा कुणी शिकवलेला विषय नाही. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक सभेतर्फे गेले ते हातच्या सुताची खादी अंगावर घालून. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू चाकाखाली गेला. आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार होता तो. त्याने वस्तूगणिक हिशेब मांडला नव्हता.

आणि होळीबरोबर उभारणीही चालू होती, हे आजची मंडळी विसरतात. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ च्या सुमारास तळेगावला काचेचा कारखाना निघाला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते म्हणायचे. पहिल्या गिऱ्हाइकांनी भरवसा टाकला म्हणून तो कारखाना तगला. नव्या कारखान्याचा माल पहिल्या दिवशी जगातला उत्तम आणि स्वस्त नसतो. घरच्या माणसांनी तेव्हा घेतला नाही तर तो उत्तम व्हायचा कधी?

कौस्तुभ_ठाणे

निरगुडी, इतिहासाबद्दल आदर आहे, पण १९०५ ची परिस्थिती वेगळी होती. जकात ठरवणारं सरकार परकं होतं. आपल्या हातात कर नव्हता, कायदा नव्हता. ग्राहकाचा बहिष्कार हेच एकमेव हत्यार उरलं होतं. आज आयातशुल्क आपलंच सरकार ठरवतं. १ एप्रिल २०२२ पासून सोलर प्लेटांवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क लावलं ते त्यासाठीच. देशाच्या व्यापारधोरणाचं काम सोसायटीच्या समितीने पुन्हा आपल्या अंगावर का घ्यावं?

दुसरं, लेबलवरचा देश म्हणजे त्या देशाची कमाई असं समीकरण नाही. २००९ च्या आयफोनचा अभ्यास प्रसिद्ध आहे. कारखान्यातला खर्च सुमारे १७९ डॉलर, त्यात चीनमधल्या जोडणीचे फक्त साडेसहा डॉलर. बाकीचे पैसे जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका अशा देशांतल्या सुट्या भागांचे. आणि ५०० डॉलरच्या विक्रीवरचा मोठा नफा अमेरिकेतल्या कंपनीचा. अमेरिकेच्या व्यापार आकडेवारीत मात्र सगळा फोन "चीनमधून आयात". आज आपल्याकडे तमिळनाडू आणि कर्नाटकात फोन जोडले जातात तेव्हा हेच गणित आपल्यालाही लागू आहे. रोजगार इथे मिळतो, तो मोलाचाच आहे. पण पाठीवर "इंडिया" लिहिलं म्हणून सगळे पैसे इथे राहिले असं होत नाही.

तिसरं म्हणजे हे दुधारी आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा तिरुपूरचे कपडेवाले आणि सुरतचे हिरेवाले हवालदिल झाले. माल तोच आणि कारागीरही तेच होते, फक्त देश पाहून किंमत चढवली. आपल्या बाबतीत झालं तेव्हा आपण त्याला अन्याय म्हटलं.

निरगुडी

अन्याय म्हटलं, बरोबर. आणि त्यातूनच कळलं की दुसऱ्याच्या बाजारावर जीव टांगून ठेवणं किती महागात पडतं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

स्मिता_कोथरूड

एक विचारायचं होतं. बारकोड ८९० ने सुरू झाला की वस्तू भारतातली, ६९० ते ६९९ म्हणजे चीनची, असा मेसेज सगळीकडे फिरतो. दुकानात तेवढं पाहून घेतलं तर पुरे का?

मापात_माप

स्मिता, नाही. बारकोडचे पहिले तीन आकडे फक्त इतकंच सांगतात की तो क्रमांक कुठल्या देशातल्या जीएस१ संस्थेने दिला. इथल्या कंपनीने भारतात नोंदणी करून क्रमांक घेतला आणि माल व्हिएतनामहून आणून विकला तरी बारकोड ८९० नेच सुरू होईल. उलटही होतं.

पाहायचं ते पाकिटावरचं निवेदन. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार आयात मालावर मूळ देश, आयातदाराचं नाव आणि पत्ता हे छापावंच लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रीच्या पानावरही मूळ देश दाखवणं बंधनकारक केलं. पानावर खाली, "इतर माहिती"त दडलेला असतो, पण शोधला की सापडतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे "इम्पोर्टेड बाय" आहे की "मॅन्युफॅक्चर्ड बाय", हे आधी वाचा. "मार्केटेड बाय" एवढंच मोठ्या अक्षरात असेल तर त्याच्या खालची बारीक ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका. मूळ देश छापलाच नसेल तर वैध मापन शास्त्र विभागाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

माझा स्वतःचा पक्ष असा की देश पाहून घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, पण देश लपवला जाणं कुणालाच मान्य होता कामा नये. देश पाहून घेणाऱ्यालाही नाही आणि न पाहणाऱ्यालाही नाही.

स्मिता_कोथरूड

धन्यवाद. आजच आमच्या ग्रुपवर टाकते.

येवल्याची_लेक

माझा मुद्दा थोडा बाजूचा वाटेल, पण वाचा. तुम्ही सगळे देश देश करताय. आमच्या येवल्यातल्या विणकराला चीनने जेवढं मारलं नसेल तेवढं देशातल्याच यंत्रमागाने मारलंय. "सेमी पैठणी" म्हणून जी विकली जाते ती यंत्रमागावर निघते, शंभर टक्के भारतात बनते, तुमच्या ठरावात अगदी बसते. आणि हातमागावर एका पैठणीसाठी महिनोन्महिने बसलेला माणूस तिच्यापुढे उभा राहू शकत नाही, कारण गिऱ्हाइकाला दोन्हीतला फरकच कुणी दाखवत नाही.

फरक साधा आहे. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रावरच्या पदराच्या मागे धाग्यांची जाळी असते किंवा ते कापलेले दिसतात. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, सोलापुरी चादरीला आहे. ही मानांकनं देशाच्या नावाने नसून त्या मुलुखाच्या आणि कारागिरीच्या नावाने आहेत.

यंत्रमागावर राग नाही माझा. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतली लाखो पोटं त्यावर आहेत. पण यंत्रावरची साडी यंत्रावरची म्हणूनच विका. स्वदेशीच्या नावाखाली ही फसवणूक झाकली जाते, त्याचं वाईट वाटतं.

मार्केटयार्ड

आमच्याकडचा अनुभव सांगतो. मे २०२५ मध्ये तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं उचलणं बंद केलं. कुणी फतवा काढला नव्हता. गिऱ्हाईकच स्टिकर पाहून बाजूला ठेवायला लागलं. फळाला पर्याय होता, इराणचं होतं, हिमाचल-काश्मीरचा हंगाम पुढे येणार होता, म्हणून ते जमलं. पर्याय हाताशी असेल तिथे बहिष्कार चालतो. नसेल तिथे पंधरा दिवस चालतो आणि मग दुसऱ्या नावाने तोच माल येतो.

भोसरी_एमआयडीसी

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो. माझं इंजेक्शन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. डबे, झाकणं, इलेक्ट्रिक फिटिंगचे भाग आणि खेळण्यांचं जॉब वर्क करतो. "भारतात बनलेलं" हे माझ्या शेडमधून कसं दिसतं ते सांगतो.

डाय इथेच, भोसरीत बनते. ती बनवणारी माणसं अव्वल आहेत. प्लॅस्टिकचा कच्चा दाणा बराचसा देशातला, पण काही ग्रेड बाहेरूनच येतात. दोन मशिनं चिनी आहेत. देशी मशीन मी बघितलं होतं, चांगलं होतं, पण बँकेने जेवढं कर्ज दिलं तेवढ्यात बसत नव्हतं. या मशीनवर निघालेला डबा स्वदेशी की परदेशी? त्यावर माझ्या पंधरा-वीस माणसांचे पगार होतात, डायवाल्याचं, टेंपोवाल्याचं, शेजारच्या खानावळीचं चालतं. मी तो स्वदेशीच म्हणतो.

आता खेळण्यांचं. यात गिऱ्हाइकाच्या आवाहनाने आणि नियमाने काय काय होतं, हे मी दोन्ही पाहिलंय. चिनी खेळणी घेऊ नका हे आवाहन दर दिवाळीला व्हायचं. आठवडाभर लोक विचारायचे, मग रस्त्यावर तीच शंभर रुपयांची गाडी. फरक पडला तो दोन गोष्टींनी. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय खेळणं विकायला बंदी आली, देशी असो की आयात. त्याआधी, २०१९ मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने दिल्ली परिसरातली आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने नापास झाले होते. कुठे शिसं, कुठे प्लॅस्टिक मऊ करणारं फ्थॅलेट, कुठे हात कापेल अशी कड. हे लहान मुलं तोंडात घालतात! सरकारी आकड्यांप्रमाणे खेळण्यांची आयात २०१८-१९ मध्ये ३७ कोटी डॉलरच्या वर होती, ती २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली.

माझ्यासारख्याला शिक्का मिळवणं सोपं नव्हतं. चाचणीची फी, कागदपत्रं, तपासणी, प्रत्येक प्रकारच्या खेळण्याची वेगळी नोंद. ओळखीतल्या दोघांनी खेळणी सोडून दिली, बादल्या-टब करतात आता. तरीही हा नियम मला बरोबर वाटतो, कारण तो देश विचारत नाही, खेळणं सुरक्षित आहे का एवढंच विचारतो. त्या कसोटीत उतरून मिळवलेली ऑर्डर माझी स्वतःची आहे. उद्या चीनशी दोस्ती झाली तरी ती जाणार नाही.

सोसायटीवाल्यांना आणि सगळ्याच ग्राहकांना मनापासून एक सांगायचंय. देशी माल घ्या म्हणता, त्याबद्दल आनंदच आहे. पण पैसे वेळेवर द्या. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. मोठमोठे खरेदीदार चार-चार महिने लावतात, आणि त्यांच्याच कार्यालयात देशप्रेमाचे फलक असतात. आयात करणारा व्यापारी आगाऊ पैसे देऊन कंटेनर भरून आणतो. मी मात्र उधारीवर माल देतो आणि त्या उधारीचं व्याज भरतो. माझा डबा दोन रुपयांनी महाग पडतो तो तिथे.

सह्याद्री_पायथा (धागाकर्ता)

भोसरी, हा प्रतिसाद सभेत वाचून दाखवायची परवानगी द्याल का? नाव न घेता.

भोसरी_एमआयडीसी

खुशाल वाचा.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते. "मेड इन जर्मनी" हा शिक्का जर्मनांनी स्वतःहून लावलेला नाही. १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला की परदेशी मालावर मूळ देश छापलाच पाहिजे. शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांची नक्कल करून जर्मन माल स्वस्तात खपवला जातोय अशी तिथल्या कारखानदारांची तक्रार होती. गिऱ्हाइकाने शिक्का पाहून माल टाळावा हा हेतू. काही वर्षांत जर्मन मालाचा दर्जा सुधारला आणि लोक तोच शिक्का शोधून माल घेऊ लागले. जपानचंही तेच. १९५० मध्ये दर्जानियंत्रणाचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग तिथे व्याख्यानं द्यायला गेले तेव्हा जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू अशीच ओळख होती. देशाच्या नावावरून दर्जा ठरवणारी माणसं बहुतेक वेळा आधीच्या पिढीचा दर्जा आठवत असतात.

पण मला दुसऱ्याच गोष्टीवर लिहायचंय. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा कोसळला. ११३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण बायका. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या. त्याच इमारतीतली बँक आणि दुकानं बंद झाली, कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांना मात्र कामावर बोलावलं गेलं. त्या काळात इथे खूप जण म्हणत होते की बांगलादेशचा कपडा घ्यायचाच नाही. तिथल्या कामगार संघटनांचंच म्हणणं वेगळं होतं: आमचं काम काढून नेऊ नका, कारखाना सुरक्षित करा. मे २०१३ मध्ये करार झाला. दोनशेच्या वर ब्रँड त्यात आले. इमारतींची, वायरिंगची, आगीच्या जिन्यांची स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि करार मोडणाऱ्या ब्रँडला न्यायालयात खेचता येईल असा होता. हजारावर कारखाने तपासले गेले. जर्मनीने पुढे पुरवठा साखळीचा कायदा केला, तो जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला.

म्हणून मी कपडा घेताना देश पाहते, पण टाळण्यासाठी नाही. त्या देशात कामगारांचं काय चाललंय आणि हा ब्रँड तिथल्या करारात आहे का, हे शोधायला तिथून सुरुवात होते.

अपवाद एकच, तोही सांगते. एखाद्या प्रदेशात सक्तीची मजुरी सरकारच्याच आशीर्वादाने चालत असल्याचे गंभीर आरोप असतील आणि स्वतंत्र तपासणीला आत जाऊच दिलं जात नसेल, तर तिथला माल टाळण्यावाचून ग्राहकापुढे काही उरत नाही. चीनमधल्या शिनजियांग प्रदेशाच्या बाबतीत अमेरिकेने जून २०२२ पासून कायद्यानेच तसं केलं आहे. पॉलिसिलिकॉन त्यात येतं. तुमच्या सोलरच्या वेफरशी याचा थेट संबंध आहे, सह्याद्री.

तळेगाव_दाभाडे

देश कुणाचा धरायचा, कारखान्याचा की मालकाचा? आमच्या भागात हा प्रश्न पोटाशी येऊन भिडतो. रांजणगावला हायर या चिनी कंपनीचा फ्रिजचा कारखाना आहे, कोरियन कंपन्यांचे आहेत, कामाला पोरं शिरूर, पारनेर, बीड, लातूरची. त्या फ्रिजवर "मेड इन इंडिया" असतं आणि ते खरं असतं. आणि कित्येक भारतीय नावांचे मिक्सर, पंखे, इयरफोन शेन्झेनहून तयार येतात, इथे फक्त खोकं बदलतं.

तळेगावची जनरल मोटर्सची कथा आठवा. जानेवारी २०२० मध्ये कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकायचा करार झाला. एप्रिलमध्ये सीमेलगतच्या देशांच्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली, जूनमध्ये गलवान. मंजुरी आलीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं, करार २०२२ मध्ये संपुष्टात आला आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेतला. मधल्या काळात कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. सीमेवर जे घडलं त्यानंतर सरकारने वेगळं काय करावं, असं मी म्हणत नाही. पण देश पाहून केलेल्या निर्णयाची किंमत कुणीतरी मोजतो. तो माणूस डोळ्यापुढे ठेवून निर्णय घ्या.

रमा_फार्मासिस्ट

सगळे सोलर आणि फ्रिजवर बोलतायत. औषधांचं कुणीच काढलं नाही आणि माझ्या मते देश सर्वांत जास्त महत्त्वाचा कुठे असेल तर इथे.

गोळीच्या पाकिटावर कारखाना लिहिलेला असतो, बड्डी, सिक्कीम, गोवा, वगैरे. गोळीतलं मूळ द्रव्य कुठून आलं हे रुग्णाला पाकिटावरून कळत नाही. भारत जगाला गोळ्या पुरवतो, पण आयात होणाऱ्या मूळ द्रव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश चीनहून येतात. मार्च २०२० मध्ये वुहानच्या टाळेबंदीनंतर सरकारला २६ द्रव्यं आणि औषधांची निर्यात रोखावी लागली, पॅरासिटामॉल त्यात होतं.

एके काळी असं नव्हतं. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि पेनिसिलिन तिथे तयार होऊ लागलं. पुढे चीनचं पेनिसिलिन-जी इतकं स्वस्त आलं की देशातलं उत्पादन एकामागून एक बंद झालं. तेव्हा प्रत्येक खरेदीदाराचा निर्णय बरोबरच होता, स्वस्त आणि चांगलं मिळत होतं. पण सगळ्यांच्या बरोबर निर्णयांतून देश एका पुरवठादारावर येऊन बसला. २०२० मध्ये ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणावी लागली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. बंद पडलेली गोष्ट परत उभी करायला एवढं लागतं.

रुग्णाने गोळी घेताना देश शोधत बसू नये, डॉक्टरांनी दिलेलं औषध घ्यावं. पण रुग्णालयांच्या आणि सरकारच्या मोठ्या खरेदीत मूळ द्रव्य कुठलं हे विचारलंच पाहिजे. म्हणून कौस्तुभ, तुमचं "बाजार आणि शुल्क बघून घेईल" हे मला पटत नाही.

कौस्तुभ_ठाणे

रमाताई, औषधांच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही. पण तुम्हीही निर्णय एकट्या ग्राहकावर टाकला नाहीत, मोठ्या खरेदीदारावर आणि धोरणावर टाकलात. माझं म्हणणं तेवढंच आहे.

नेटवर्क_नाना

सीसीटीव्हीबद्दल थोडक्यात. इथे देश पाहाच, कारण कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्याचं सॉफ्टवेअर कुठून अपडेट होतं ते महत्त्वाचं आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या, वर्षभराने त्या लागू झाल्या. पुरवठादाराकडे मॉडेल क्रमांकासह चाचणीचं प्रमाणपत्र मागा. "देशी ब्रँड आहे साहेब" यावर थांबू नका, आतला चिप आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातच भरलेलं सॉफ्टवेअर) कुणाचं ते लेखी घ्या. आणि कॅमेरा कुठलाही असो, बसवल्या दिवशी पासवर्ड बदला.

सह्याद्री_पायथा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सभेत मूळ ठरावाला दुरुस्ती मांडतोय. शब्द असे:

"संस्थेने पाच हजार रुपयांवरील कोणतीही वस्तू घेताना पुरवठादाराकडून उत्पादनाचा देश आणि देशांतर्गत मूल्याचा अंदाजे वाटा लेखी घ्यावा. दर्जा आणि दुरुस्तीची सोय समान असल्यास दहा टक्क्यांपर्यंत जास्त किंमत देऊन देशांतर्गत वाटा जास्त असलेली वस्तू घ्यावी. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी सुरक्षा प्रमाणपत्र अनिवार्य. लघुउद्योगांची बिलं ३० दिवसांत."

देशांतर्गत वाट्याची कल्पना सरकारी खरेदीच्या २०१७ च्या आदेशातून घेतली आहे. तिथे वाटा ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० असेल तर दुसरा, आणि पुरवठादार ते स्वतः लिहून देतो. पंपाचा निर्णय याच कसोटीवर झाल्यात जमा आहे. महाराष्ट्रात बनणारा पंप घेतोय, थोडा महाग, पण विंडिंग करणारा चौकात आहे आणि सील-बेअरिंग त्याच दिवशी मिळतं. वेफर कुठलं हेही सोलरवाल्याला विचारलं. त्याने आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून कंपनीकडून मागवून देतो असं सांगितलंय.

निरगुडी

दुरुस्ती वाचली. मूळ ठरावापेक्षा ती मला कमकुवत वाटते आणि मी सभेत असतो तर मूळ ठरावाच्या बाजूनेच हात वर केला असता. दहा टक्के का? किर्लोस्करांचा पहिला नांगर घेणाऱ्यांनी टक्के मोजले नव्हते. पण मांडणार असालच तर एक ओळ घाला: दरवर्षीच्या सभेत समितीने यादी वाचावी, कुठली वस्तू बाहेरची घ्यावी लागली आणि का. नाहीतर पुढच्या वर्षीची समिती हे कागद फायलीत ठेवेल आणि माळा नेहमीच्या दुकानातून आणेल.

सह्याद्री_पायथा (धागाकर्ता)

ही ओळ घालतो, काका. माळांचं अजून ठरलेलं नाही. आयएसआय केबलच्या, इथे जोडलेल्या माळा कुणी पुण्यात बनवून देत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गणपतीला वेळ कमी आहे.

भोसरी_एमआयडीसी

आमच्या शेजारच्या गाळ्यात एक बाई एलईडी माळा जोडून घेतात, बचत गटाच्या दहा-बारा जणी आहेत. एलईडी बाहेरचेच, पण वायर, होल्डर, जोडणी, तपासणी इथली, आणि बंद पडलेली माळ दुरुस्त करून देतात. नंबर व्यनित पाठवतो. ऑर्डर देताना थोडी आगाऊ रक्कम द्या, त्यांना वायर रोखीने आणावी लागते.